सातवी शिंक

फूल टेकलं तेव्हा रेघोबाचे डोळे जागेवर नव्हते.

झालं ते एवढंच. छत कोसळलं नाही, दिवे गेले नाहीत. बावीस वर्षं ज्या डोळ्यांनी सामना चालू असताना रेषेवरून हलायचं नाही असा करार होता, ते अर्ध्या क्षणासाठी डावीकडे, गादीच्या खुर्च्यांच्या रांगेकडे गेले आणि परत आले. आले तेव्हा बॅडमिंटनचं पांढरं फूल मागच्या रेषेपलीकडे चार बोटांवर आडवं पडून डोलत होतं. फूल टेकतं एका जागी आणि लोळतं भलतीकडेच. रेषापंचाला मतलब टेकण्याशी. एकदा ते डोलायला लागलं की टेकलं कुठे होतं हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पण रेघोबाचं तोंड तोवर "बाहेर!" म्हणून मोकळं झालं होतं आणि दोन्ही हात वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे पसरले होते. तोंडाने त्याला विचारलं नव्हतं, हातांनीही नाही. साहेब आत आला की कचेरीतले लोक खुर्चीतून आपोआप उठतात, तसे ते उठले होते.

आणि फूलही कुठलं? अंतिम सामन्याचं, दुसऱ्या गेमचं, वीस-एकोणीसचं. पहिला गेम डावखुरीने खिशात घातला होता, दुसऱ्यातही ती एका गुणावर येऊन ठेपली होती. तिने फूल उंच मागे टोलवलं, समोरची लांबडी मागे धावली, थबकली, आणि सोडून दिलं. ते आत पडलं असेल तर डावखुरी तिथेच जिंकली होती. चौतिसाव्या वर्षी, दोनदा अंतिम सामना हरल्यावर, गुडघ्याला पट्टा बांधून. वरचे पंच, म्हणजे जाळीपाशी उंच खुर्चीत बसलेले मुख्य पंच, त्यांना लांबडीच्या पाठीमुळे काही दिसलं नव्हतं, म्हणून त्यांनी रेघोबाकडे पाहिलं. बाहेर म्हणाला का? मग बाहेर. वीस-वीस. डावखुरी जाळीजवळ आली, रॅकेट टेकवून उभी राहिली आणि रेघोबाला तिथूनच विचारलं, "नक्की?"

रेघोबाने मान हलवली. नक्की.

पुढचे दोन गुण तिने रागात घालवले आणि गेम गेला. आता तिसरा.

रेषापंचाचं सगळं काम तीन खुणांत आटोपतं. फूल आत पडलं तर तोंड बंद आणि उजवा हात रेषेकडे. बाहेर पडलं तर हाळी घालायची आणि हात पसरायचे. आणि दिसलंच नाही तर दोन्ही तळव्यांनी आपले डोळे झाकायचे. म्हणजे मला विचारू नका, वरच्या पंचांनी ठरवावं, त्यांनाही दिसलं नसेल तर ती रॅली पुन्हा खेळावी. ही तिसरी खूण रेघोबाने बावीस वर्षांत एकदाही केली नव्हती. नव्या रेषापंचांच्या वर्गात तो सांगायचा की दिसलं नाही हे सांगायला तुम्हाला खुर्ची दिलेली नाही, ते तर प्रेक्षकही सांगतात, आणि तेही तिकीट काढून. एका वर्षी शाळेतल्या एक बाई रेषेवर होत्या, त्यांनी एकाच सामन्यात दोनदा डोळे झाकले. चहाच्या वेळी रेघोबाने त्यांना सगळ्यांदेखत विचारलं की आंधळी कोशिंबीर खेळायला आलात काय. बाई हसल्या. पुढच्या वर्षी आल्या नाहीत. (बाहेर.)

हे कंसातलं 'बाहेर' रेघोबाचंच. बावीस वर्षांत ती खोड डोक्यालाही लागली होती. कुठलीही आठवण आली की ती कुठे टेकली ते बघायचं. आत पडली तर खरी, आपली, जमेस धरायची. बाहेर पडली तर सोडून द्यायची. त्या बाईंची आठवण तो दरवेळी बाहेर देई आणि ती दरवेळी परत येई. फुलांचं बरं असतं, पिसं तुटली की बदलतात.

माशी शिंकली ती कुठे? माशी नव्हती ती. बायको होती.

सगळ्या सभागृहात, रबरी बुटांची किरकिर आणि फुलाचा फटफटाट यांच्या मधोमध, एक बारीक शिंक. दार किलकिलं करून कुणी आत बघावं तशी. तीस वर्षं एका छपराखाली काढलेल्या माणसाला ती ओळखायला डोळे लागत नाहीत, पण डोळे गेले. बायकोच्या शिंका सात. सहा नाहीत, आठ नाहीत. पहिली चोरटी, मग पाच ओळीने, आणि सातवी तिच्या मर्जीने. सातवी कधी लगेच यायची, कधी जेवणं उरकल्यावर. शेजारचे मास्तर गेले तेव्हा सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे होते, आणि पावणेदोन मिनिटांनी हिची सातवी आली. मास्तरांच्या बायकोलाच हसू फुटलं. घरी ती शिवणाच्या खोलीत शिंकायला लागली की बाहेरच्या खोलीत रेघोबा मनात मोजायचा. मोजतो हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात? पण सातवी येईपर्यंत त्याला पेपरातली ओळ पुढे सरकवता येत नसे. (आत.)

आज "बाहेर!" असं ओरडून झाल्यावर, सभागृह गलबलत असताना, डावखुरी "नक्की?" विचारत असताना त्याने मोजल्या होत्या. दोन, तीन, चार, पाच, सहा. मग थांबल्या.

आणि सकाळी म्हणाली होती की मी बहिणीकडे चालले आहे, संध्याकाळी येईन. बहीण शहराच्या त्या टोकाला. बहिणीकडे म्हणून निघालेली बाई गादीच्या खुर्चीत कशी?

गादीच्या खुर्च्या म्हणजे कोर्टाला अगदी खेटून असलेली पहिली रांग. तिथे देणगीदार, मोठे साहेब आणि साहेबांच्या झोपलेल्या आत्या बसतात. त्या रांगेपासून मैदानाच्या रेषेपर्यंत साडेतीन पावलांचा पट्टा. त्या पट्ट्यावर रेघोबाची लोखंडी खुर्ची. खेळ तिथे होत नाही, पण खेळाचं उरलंसुरलं सगळं तिथे येऊन पडतं: मोडकी फुलं, ओले टॉवेल, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, खेळाडूंनी ओठातल्या ओठात दिलेल्या शिव्या. बावीस वर्षांत रेघोबा मैदानावर एकदाही गेला नव्हता आणि प्रेक्षकांतही बसला नव्हता. तो या पट्ट्याचा रहिवासी. सासूबाई हयात होत्या तोवर जाईल तिथे सांगायच्या की आमचे जावई कोर्टात बसतात, पंच आहेत. त्यांच्या एका दीराने ते मनावर घेतलं आणि बांधाच्या भांडणाचे कागद घेऊन एका रविवारी सकाळी दारात उभा राहिला. त्याला कितीही समजावलं तरी पटेना. जाताना म्हणाला, करायचं नसेल तर तसं सांगा, फुलांच्या गोष्टी कशाला सांगता. बायको आत हसून हसून शिवणयंत्रावर पडली होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि हा इतकी वर्षं त्या पायरीवरच बसून. (आत. कितीही वेळा आली तरी आत.)

तिसऱ्या गेमचा पहिला गुण लांबडीचा. दुसराही. रेघोबा आता रेषेकडे असा बघत होता की रेषेलाच लाज वाटावी. पण डोळ्याला कोपरा असतो, आणि कोपऱ्याला करार माहीत नसतो. त्या कोपऱ्यात पावलं दिसत होती. चपला. डाव्या चपलेचा पट्टा काळ्या जाड दोऱ्याने शिवलेला. तो त्यानेच शिवला होता, मागच्या महिन्यात, स्वतः शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात, कारण ती म्हणाली होती की मी दिवसभर लोकांचे कपडे कंबरेत आत घेते आणि बाह्यांत सोडते, निदान माझ्या चपलेला तरी दुसऱ्याचा हात लागू दे. म्हणजे पावलं तिचीच. आणि तिच्या पावलांशेजारी, वीतभर अंतरावर, पांढरेशुभ्र बूट. ते बूट सगळ्या क्रीडामंडळात एकाच माणसाचे: चिटणीसांचे. चिटणीस म्हणजे केसांना अजून ऐटबाज वळण असलेला, प्रत्येक बाईला "या, या, इथे वारा लागतो" म्हणून बसवणारा माणूस. चिटणीसांच्या मांडीवर चकचकीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं, चौकोनी. भेटवस्तू? कुणाला? कशाबद्दल? बूट अधूनमधून चपलेच्या दिशेने कलत होते, म्हणजे चिटणीस कानात काही सांगत होते, आणि चपलेतला अंगठा हलत होता. हसू दाबताना तिचा अंगठा हलतो. रेघोबाच्या आत काहीतरी टेकलं. कुठे टेकलं ते दिसलं नाही.

कचेरीत त्याला रेघोबा हे नाव पडलं ते या कामामुळे नव्हे. तो जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे उतरवायचा. दोन शेजाऱ्यांच्या मधली रेघ ओढणं हेच त्याचं पोट. एकदा एका उर्मट माणसाने टेबलावर नकाशा आपटून विचारलं होतं की ही रेघ अर्धा मिलिमीटर जाड आहे, जमिनीवर तिचा अर्धा मीटर होतो, तो अर्धा मीटर कुणाचा, माझा की त्याचा? सगळी कचेरी रेघोबाकडे बघू लागली. रेघोबा म्हणाला, रेघेचा. माणूस नकाशा गुंडाळून निघून गेला आणि नाव कायमचं चिकटलं. खेळात मात्र तसं नसतं. खेळात रेषा आतच धरायची. फुलाचं एक पीस जरी रेषेला चाटून गेलं तरी आत. खेळ उदार आहे, कचेरी नाही. आणि घर? घरात रेघ कुणाची, हे त्याने कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं.

(आठ-पाच, लांबडी पुढे. फरशी पुसणाऱ्या दोघी बायका धावत आल्या, डावखुरीचा घाम पुसून गेल्या. घाम पुसता येतो. टेकलेलं पुसता येत नाही.)

घरात त्याने काय केलं होतं, तर सगळं नक्की केलं होतं. दूध आलं का? आलं. दिवा बंद केला? केला. बघितलं? बघितलं. गेल्या पावसाळ्याआधी एकदा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, नुसती उभी, आणि म्हणाली, "अहो, काही वेगळं दिसतंय का?" रेघोबाने पेपरावरून डोळे उचलले, खोलीच्या चारही कोपऱ्यांतून फिरवले, आणि वरच्या पंचांना सांगावं त्या आवाजात सांगितलं, "हो. पडदे." पडदे सात वर्षांचे होते. तिने वेणी कापून सहा दिवस झाले होते. कंबरेपर्यंतची वेणी, ती गेली होती, आणि सहा दिवस तो त्या मोकळ्या मानेसमोर बसून जेवला होता. ती वळली. आत गेली. यंत्राचा आवाज सुरू झाला. तेव्हापासून तिने काही वेगळं दिसतंय का असं विचारणं सोडलं. (बाहेर.) लांबडीने फूल जाळीवरून अलगद टाकलं, डावखुरी पालथी पडली. (बाहेर, बाहेर.) वेणी कापल्याचं शेवटी त्याला सांगितलं ते इस्त्रीवाल्याने.

त्यालाही तेव्हा म्हणता आलं असतं: मला दिसलं नाही. तीन शब्द. हात उचलून डोळ्यांवर ठेवायला किती वेळ लागतो? पण हात त्या वाटेने कधी गेलेच नव्हते. खांद्यापासून डोळ्यांपर्यंतचा तो रस्ता बावीस वर्षं वापरात नव्हता. वापरात नसलेल्या रस्त्यावर लोक अतिक्रमण करतात हे कचेरीत रोज दिसायचं. त्याच्या रस्त्यावर त्याच्याच रुबाबाने टपरी टाकली होती.

अकराव्या गुणाला थांबले. मिनिटभर विश्रांती, मग बाजू बदलायच्या. लांबडी अकरा, डावखुरी आठ. आता मिनिट होतं. वरच्या पंचांची खुर्ची त्याच्यापासून पंधरा पावलं. जाऊन एवढंच सांगायचं की मघाचं मला दिसलं नव्हतं. गुण परत फिरवता येत नाही, तो गेम मिटून गेला, पण सांगता तर येतं. रेघोबा उठला. गुडघे सरळ केले. लोकांना वाटलं पाय मोकळे करतोय. त्याच्या डोक्यात एक आवाज म्हणाला की पडलं असेलच बाहेर, चार बोटं बाहेर डोलत होतं ना, मग? दुसरा म्हणाला, लांबडीने सोडलं म्हणजे तिला बाहेर दिसलं असणार. तिसरा म्हणाला, आता सांगून त्या पोरीचं फक्त डोकं फिरेल, भल्यासाठीच गप्प बस. हे तिसऱ्याचं बोलणं इतकं समजूतदार होतं की रेघोबाला त्याचा संशय आला. चौथा आवाज त्याचा स्वतःचाच होता, त्या चहाच्या वेळचा: आंधळी कोशिंबीर खेळायला आलात काय? तो ऐकला आणि रेघोबा खाली बसला. समोर डावखुरी बाटली तोंडाला लावून त्याच्याकडेच बघत होती. रागाने नाही. हिशोब चुकला तर माणूस पुन्हा पहिल्या ओळीपासून बघतो, तशी.

आणि सातवी? सातवी अजून यायची होती.

हे त्याच्या मानगुटीवर बसलं. बाजू बदलल्या, लांबडी पुन्हा त्याच्या रेषेकडे आली, फुलं उडत होती, आणि त्याचा डावा कान सबंध गादीच्या खुर्च्यांत जाऊन बसला होता. तिने नाकावर रुमाल धरला असेल. ती दाबून ठेवत असेल, सभ्य ठिकाण म्हणून. दाबलेली सातवी जास्त जोरात येते. आली की काय करायचं? मान वळवायची नाही, हे नक्की. (नक्की हा शब्द त्याने आतून उलटापालटा करून पाहिला. तो शिवणीपाशी उसवला होता.)

बारा-दहा. पंधरा-पंधरा. डावखुरीने गुडघ्याचा पट्टा घट्ट केला. सतरा-सोळा. मागची रेषा, बाहेर. हे दिसलं, हातभर बाहेर होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. एकोणीस-अठरा. लांबडीचा एक फटका डावखुरीच्या रॅकेटच्या कडेला लागून छताकडे गेला. वीस-अठरा. आता लांबडीला एक गुण हवा होता.

रॅली लांबली. इतकी लांबली की साहेबांच्या आत्या जाग्या झाल्या. मग डावखुरीने पाय रोवले आणि तेच केलं जे मघाशी केलं होतं: फूल उंच, खूप उंच, मागे. दिव्यांच्या उजेडात ते क्षणभर थांबल्यासारखं झालं. लांबडी मागे धावली. थबकली. हात खाली घेतला. रेघोबाचे डोळे रेषेवर खिळले, पापणी नाही, श्वास नाही, फूल येतंय, येतंय—

सातवी आली.

काय शिंक होती. अख्खा गेमभर दाबलेली. गुणफलक हलला म्हणतात. आणि रेघोबाचे डोळे गेले. त्याने पाठवले नाहीत, ते गेले, शाळेतून पळालेल्या पोरांसारखे गेले, आणि त्यांना ती दिसली: दोन्ही हातांत रुमाल, नाक लाल, कापलेले केस कपाळावर, चष्मा एका कानावर, आणि चेहऱ्यावर एखाद्या शाळकरी मुलीने काच फोडल्यावर येते तशी भीती आणि आनंद. नीट दिसली. किती दिवसांनी. मग डोळे परत आले तेव्हा फूल डोलत होतं.

सभागृह त्याच्याकडे बघत होतं. वरचे पंच बघत होते. बाहेर म्हटलं तर सामना संपला, लांबडी जिंकली, रिवाज राहिला. उजवा हात रेषेकडे केला तर गुण डावखुरीचा. मघाचं देणं फिटलं, एकास एक, कुणाला कळलंही नसतं. उजवा हात चार बोटं उचललाही गेला. किती गोड वजाबाकी होती ती. पण मघाचं फूल मघाशीच टेकलं होतं, आणि हे आत्ता, आणि त्याने दोन्ही पाहिली नव्हती.

मग हात उठले. दोन्ही. त्या बुजलेल्या रस्त्याने, टपरी पाडत. तळवे डोळ्यांवर आले.

(       )

आत अंधार होता. गरम, लालसर, साबणाच्या वासाचा. इथे कुणी काही विचारत नव्हतं. बावीस वर्षं शेजारी ही खोली होती आणि त्याने दार उघडून पाहिलं नव्हतं. लांबून वरच्या पंचांचा आवाज आला की त्यांनाही दिसलेलं नाही, रॅली पुन्हा. लोकांची कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, रेघोबाने झाकले? रेघोबाने?

हात खाली घेतले तेव्हा डावखुरी जाळीपलीकडे उभी होती. तिने रॅकेटचं टोक त्या जागेकडे केलं, मग अंगठ्याने खांद्यावरून मागे दाखवलं. मघाचं? तोंडाने काही नाही, नुसती खूण. दोघांची भाषा एकच होती. आणि रेघोबाने, वीस-अठरा असताना, सगळ्यांसमोर, दुसऱ्यांदा डोळे झाकले. लोकांना वाटलं म्हाताऱ्याची खूण अडकली. बोटांच्या फटीतून त्याने पाहिलं: डावखुरी रॅकेटवर वाकली होती आणि तिची पाठ हलत होती. रडते की काय, असं त्याला वाटलं. पण ती सरळ झाली तेव्हा हसत होती, माणूस हरवलेली किल्ली स्वतःच्याच मुठीत सापडल्यावर हसतो तशी.

पुढे तिने वीस-वीस केलं. एकवीस-एकवीस केलं. आणि तेवीस-एकवीसला हरली. शेवटचं फूल जाळीत गेलं, आणि जाळीत गेलेल्या फुलाला रेषापंच लागत नाही. (आत. हे आत.)

रिवाजाप्रमाणे खेळाडू वरच्या पंचांशी हात मिळवतात, रेषेवरच्यांशी नाही. डावखुरी मात्र लंगडत पट्टा ओलांडून त्याच्या लोखंडी खुर्चीपाशी आली. म्हणाली, "काका, हात मोकळे आहेत ना आता?" त्याने हात पुढे केला. तिचा हात ओला होता. तो म्हणाला, "तुझं ते फूल—" ती म्हणाली, "मला आतच दिसलं होतं. पण मला माझी सगळीच आत दिसतात." आणि गेली. तिची पिशवी खांद्यावरून घसरत होती, ती दोनदा वर घेतली, तिसऱ्यांदा तशीच राहू दिली. ते बघायला रेघोबाला फार वेळ लागला.

तोवर चिटणीसांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला होता. बायको त्यांच्या मागे, रुमाल चुरगाळत. तेव्हा कुठे त्याला उमगलं. आजचा त्याचा शेवटचा सामना होता. रेषापंचाची वयाची मर्यादा या महिन्यात भरत होती, हे त्याला माहीत होतं, इतरांना आठवत असेल असं वाटलं नव्हतं. चिटणीसांनी गुपचूप घरी जाऊन वहिनींना आणायचं ठरवलं होतं, म्हणून ते बहिणीकडचं निमित्त. चकचकीत कागद निघाला. आत लाकडी चौकट, पितळी पत्रा, त्यावर कोरलेलं. चिटणीस जोरात वाचायला लागले, "बावीस वर्षांच्या निष्कलंक सेवेत ज्यांनी एकदाही..." आणि अडखळले. त्यांनी पत्र्याकडे पाहिलं, रेघोबाकडे पाहिलं. सभागृहात एक हसण्याची लाट मागून पुढे सरकत आली. शेवटी चिटणीस कोरलेल्या अक्षरांशी इमान राखत म्हणाले, "...एकदाही डोळे झाकले नाहीत."

ध्वनिक्षेपक रेघोबाच्या हातात आला. त्याला बोलायची सवय एकाच शब्दाची. तो म्हणाला, "हे आठवडाभर आधी कोरलं असणार. आज मला दोनदा दिसलं नाही. एकदा सांगितलं. एकदा नाही. नाही सांगितलं त्यात त्या डावखुऱ्या पोरीचा सामना गेला." मग म्हणाला, "डोळे झाकले म्हणून मी एका बाईंना सगळ्यांदेखत हसलो होतो. त्या इथे नाहीत. असत्या तर बरं झालं असतं." वरच्या पंचांनी चष्मा काढून पुसला. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि या टाळ्या कशाच्या हे न कळून मध्येच थांबवली.

बाहेर अजून ऊन होतं. बसथांब्यावर दोघं उभी राहिली. चौकट त्याने काखेत धरली होती. तिने चौकट काढून घेतली, पत्रा उन्हात तिरका धरून पुन्हा वाचला आणि म्हणाली की हे खोटं आहे, पण अक्षर चांगलं आहे, स्वयंपाकघरात लावू. तो म्हणाला की तू शिंकलीस. ती म्हणाली, माहीत आहे, तिथेच होते मी. तो म्हणाला, सात. तिने वळून पाहिलं.

"मोजता तुम्ही?"

"हो."

"कधीपासून?"

एक बस आली, त्यांची नव्हती, गेली. धूळ बसली. तिने चौकट त्याच्या पायांशी भिंतीला टेकवून ठेवली, केस कानामागे घेतले, आणि त्याच्यासमोर येऊन नुसती उभी राहिली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली होती तशी.

"अहो, काही वेगळं दिसतंय का?"

त्याने पाहिलं. कपाळ पाहिलं, कान पाहिले, चष्मा, पदर नीट खोचलेला, मान. शब्द तोंडाशी आला होता; कुठलाही चालला असता. पडदे तर इथे नव्हते. मग त्याने दोन्ही हात उचलले आणि डोळे झाकले.

थांब्यावरची माणसं त्याला वळसा घालून जाऊ लागली. अंधारात तिचा आवाज जवळून आला, हसणं गिळत.

"काहीच वेगळं नाहीये. सहज विचारलं."

"हात काढू?"

"राहू दे जरा."

"बस आली तर?"

"दिसली की सांगते," ती म्हणाली.